शुक्राचा टिपका

२००४ च्या जूनमध्ये शुक्र भरदिवसा सूर्यासमोरून जाणार होता. भरे गावात मी ज्या मावशींकडे भाड्याने राहत होते, त्यांच्या परसात सकाळीच दुर्बीण लावली. तोंडाला काळा फिल्टर, मागे वेबकॅम, शेजारी खुर्चीवर लॅपटॉप. गुरूचे, शनीचे फोटो याच परसातून काढले होते. शुक्र असा पुन्हा आठ वर्षं मिळणार नव्हता. आणि ढग हटायचं नाव घेईनात. मी नुसत्या येरझारा घालत होते.

दुपारी पाणी घ्यायला घरात गेले, तर हंड्यात तुळशीचं पान टाकलेलं आणि मागच्या खोलीचं दार बंद. मावशींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला त्यांनी सकाळपासून आत बसवलं होतं, खिडकीला चादर लावून. पोटात अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. "आये, घसा सुकलाय गं," आतून आवाज आला.

"अहो मावशी, ग्रहण नाहीये हे!"

"तुमीच म्हनला न्हवं, वर बघू नका, डोळं जात्यात? मंग गिरान न्हाई तर काय?"

म्हटलं होतं खरं, डोळ्यांच्या काळजीने. परोपरीने समजावलं, पण त्यांचं एकच, "मला दाखवा, मंग देते पानी."

दाखवणार काय, सूर्यच गायब! नववा महिना, वर पत्रा, आत कोंडलेला उकाडा. आता फोटोपेक्षा त्या पोरीसाठी जिवाची तगमग व्हायला लागली. ढगांना मी मोठ्याने शिव्या घातल्या.

एकदाची फट पडली, तीही लहानशी. लॅपटॉपवरचं चित्र मावशींना खरं वाटलं नसतं; फोटो घ्यावा की त्यांना सूर्य दाखवावा, दोन्हीपैकी एकच होणार होतं. चरफडत वेबकॅम उपसला, फिल्टर काढला, भिंग बसवलं आणि मागे पांढरा पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर सूर्य उमटला, त्यावर काळा टिपका.

मावशी वाकून बघत राहिल्या. "येवढाच? ह्यो तर तीळ हाय."

त्यांनी दार उघडून लेकीच्या हाती तांब्या दिला. ती घटाघटा प्यायली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तोवर ढग पुन्हा मिटले. फोटो हुकला तो हुकलाच, आणि त्याची हळहळ अजून वाटते, खोटं कशाला बोलू!

सकाळपासून मावशीही उपाशीच होत्या. मी पेला भरून त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि त्या खोलीत लेकीच्या जागेवर जाऊन बसल्या.

"तुमचं खरं असंल, ताई. पर चुकून खोटं निघालं, तर एकीनं तरी पाळल्यालं असू द्या."