वाऱ्याच्या खात्यातली भरती

पालघर तालुक्यात आजवर सर्वांत जास्त माणसांना नोकरीला लावलं ते माझ्या आतोबांनी. कारखानदार, पुढारी, ठेकेदार हे सगळे त्यांच्या मागे पडले. किनाऱ्यावर दातिवऱ्यापासून दांडीपर्यंत ज्याच्या घरी म्हणून पाळणा हलला, त्याच्या घरी आतोबांची नेमणूक पोचली. अडचण एवढीच होती की ज्या खात्यात ही भरती चालली होती, ते खातं अस्तित्वात नव्हतं. आतोबांना ही अडचण वाटत नसे. "खातं काय, सरकार एका सहीनं उघडेल," ते म्हणत. "माणसं सहीनं मिळत नाहीत. ती वीस वर्षं आधी पाळण्यात घालावी लागतात." मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टींवर माझं पोट आहे. आतोबांचा सगळा जीव न झालेल्या गोष्टींत अडकलेला होता, त्यामुळे आमचं छान जमायचं.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहायचे नवापूरला आणि नोकरीला बोईसरच्या एका कारखान्यात, टाइम ऑफिसमध्ये. गेटाशी बसून कोण किती वाजता आला, कोणी पाळी बदलून घेतली, कोणाची आजी या वर्षात दुसऱ्यांदा वारली, हे बघणं त्यांचं काम. औद्योगिक वसाहत तेव्हा नवी होती आणि पोराला कुठे चिकटवायचं असलं की आसपासच्या गावांतले लोक आतोबांकडे येत. आतोबांनीही खरोखरच बरीच पोरं चिकटवली. त्यामुळे या माणसाच्या तोंडून नोकरी निघाली की ती मिळते, असा लोकांचा समज झाला, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या समजातून झाला.

वाऱ्याचं वेड त्यांना लागलं ते तेलाच्या टंचाईच्या वर्षी. कारखान्याचा बॉयलर तेलावर चाले. तेल आलं नाही, बॉयलर थंड पडला, आणि दुपारच्या पाळीची माणसं गेटावर आली तेव्हा त्यांना परत पाठवायचं काम आतोबांवर आलं. डोंगराकडच्या पाड्यांवरून चालत आलेली माणसं होती ती. आतोबा घरी आले ते जेवलेच नाहीत. "माणूस आला, डबा घेऊन आला, अंगात ताकद घेऊन आला, आणि मी त्याला सांगायचं की जहाज आलं नाही, घरी जा!" असं ते आत्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्या दिवसापासून जहाजातून आणावं न लागणारं इंधन कोणतं याचा विचार सुरू झाला, आणि नवापूरच्या सुरूच्या बनात उभ्या असलेल्या माणसाला त्याचं उत्तर सापडायला वेळ लागत नाही. वारा डोक्यावरची टोपी घेऊन जातो आणि ऊन टाळू भाजून काढतं. वारा आणि ऊन अशी दोन खाती त्यांनी जागच्या जागी उघडली. डोंगराकडच्या लोकांसाठी गोबरगॅस हे तिसरं खातं मागाहून निघालं, म्हणजे दिवाळीनंतर त्यांना वीटभट्ट्यांवर जावं लागणार नाही. "आणि वारा पडला तर?" आत्यानं विचारलं. "भरपगारी सुट्टी," आतोबा म्हणाले.

यानंतर आतोबांना माणूस दिसेनासा झाला, नुसती रिकामी जागा आणि तिथे बसणारा इसम दिसू लागला. नवा माणूस भेटला की नमस्काराच्या आधी "उंचीची भीती वाटते का?" हा प्रश्न. ताडावर चढून ताडी उतरवणाऱ्यांना ते रस्त्यात थांबवून आदरानं बोलत, कारण पवनचक्कीवर चढायचं काम त्यांच्याच पोरांना द्यायचं ठरलं होतं. जन्मभर शिडाची होडी हाकलेल्या, दांडीच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला त्यांनी थेट सल्लागार नेमलं. "वाऱ्याचा पगार आमी जन्मभर खाल्ला," म्हातारा म्हणाला, "आता पेन्शनीचं काय ता बगा." आतोबांनी गंभीरपणे मान डोलावली आणि विचार करतो म्हणाले. माझ्यासाठी मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात सगळे स्वयंपाक येतो का, गाणं येतं का विचारत होते. आतोबांनी आपला प्रश्न विचारला. मुलीनं सांगितलं, नाही वाटत भीती. "करून घे रे," आतोबा सगळ्यांदेखत मला म्हणाले. मी करून घेतली, आणि गेली कित्येक वर्षं आमच्याकडे माळ्यावरचं सामान तीच काढते.

एकदा पालघरला सूर्यचुलीचं प्रात्यक्षिक होतं. शहरातून आलेले साहेब काळ्या डब्यात तांदूळ ठेवून भाषण देत होते. भाषण संपल्यावर शंका विचारा म्हणाले, तर आतोबा उठले. "हे चालवायला माणसं किती?"

"एक बाई पुरते."

"पाळ्या किती?"

"सूर्य असेपर्यंत, काका."

"म्हणजे रात्रपाळी नाही," आतोबा आमच्याकडे वळून म्हणाले. "उत्तम. कारखान्यातली निम्मी भांडणं रात्रपाळीची असतात." साहेबांना भाताची चिंता होती. तो शेवटपर्यंत शिजला नाही, पण आतोबा त्या दिवशी फार खूश होऊन घरी आले.

त्यांची खरी भरती मात्र बारशाला चाले. पाचव्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळी काय लिहायचं ते लिहून जाते असं आमच्याकडे मानतात. आतोबा बाराव्या दिवशी जाऊन त्यात दुरुस्ती करत. बाळाच्या कानात कुर्र करून झालं, नाव सांगून झालं, की ते पाळण्यावर वाकायचे आणि बाळाच्या मुठीत आपलं बोट द्यायचे. पकड घट्ट असली की वारा. तोंडावर उजेड आला तरी डोळे मिटले नाहीत तर ऊन. ज्याला कशाचंच काही वाटत नाही असं शांत बाळ गोबरगॅसला. मग ताठ उभं राहून, गेटावर पाळी पुकारल्याच्या आवाजात नेमणूक जाहीर होई. बोईसरला निम्मी माणसं ठेकेदाराची, आज आहेत उद्या नाहीत, म्हणून बाया हटकून विचारत, "आतोबा, कायम का हंगामी?" आतोबा दुखावल्यासारखे बघत. "हंगामी नेमणूक मी करत नाही."

लोकांना यात गंमत वाटू लागली आणि गमतीची रीत झाली. "आतोबा यायचेत, पोराला कामाला लावायचं राह्यलंय," म्हणून घुगऱ्या वाटायच्या थांबवून ठेवत. पोरं मोठी होऊ लागली तसं आतोबांचं कामही वाढलं. परीक्षेत पास झालेल्याला बढती, आणि कुणाच्या वाडीतले आंबे चोरणाऱ्याचं निलंबन. असा एक निलंबित पोरगा ओट्यावर बसून खरोखरीचा रडत होता, त्याला आत्यानं लाडू देऊन परस्पर कामावर घेतलं. बोईसरच्या चहाच्या टपरीवर बिहारकडचे कामगार डोळे मिचकावून विचारत, "काका, ये हवावाला डिपार्टमेंट कब खुलेगा?" आतोबा शांतपणे सांगत, "आप का बच्चा तैयार रखो." आत्या मात्र एकाही बारशाला त्यांच्या शेजारी उभी राहिली नाही. ती आत बायकांत बसे. "घरातला पंखा वर्षभर बंद आहे, त्याला माणूस मिळत नाही," ती म्हणे, "आणि हे पवनचक्कीला माणसं नेमतायत."

असं सगळं मजेत चाललं असताना, नव्वदीच्या सुरुवातीला, आतोबा निवृत्त होऊन ओट्यावर बसत होते तेव्हा, एका सकाळी दांडीची जमनाबाई आली. ही बोंबील सुकवून विकणारी. डोक्यावरची पाटी खाली ठेवून तिनं सरळ विचारलं, "आतोबा, माजी रेखा अठराची झाली. धाव्वी पास झाली. कदीपासून धाडू कामावर?"

मी तिथेच चहा पीत होतो. आतोबांनी हातातला कप बशीत ठेवला.

रेखाची नेमणूक बारशालाच वाऱ्याच्या खात्यात, उंचावर, झालेली होती. जमनाबाईनं त्या भरवशावर पोरीला कोलंबी सोलायच्या कामाला कधी घातलं नाही. सातपाटीहून एक चांगलं स्थळ आलं, त्यांना "पोरगी नोकरीवाली हाय, थांबा" म्हणून सांगितलं. ती माणसं आता दुसरीकडे बघायला लागली होती. पोरीचा बाप घरात रोज भांडत होता. हे सगळं सांगून जमनाबाईनं पाटी उचलली आणि ती गेली. आतोबा त्यानंतर ओट्यावर बसेनासे झाले. कोणी नवा माणूस भेटला तरी त्याला उंचीची भीती वाटते का, हे त्यांनी विचारलं नाही. आत्या घाबरली आणि तिनं मला निरोप धाडून बोलावून घेतलं.

"मला दांडीला जायचंय," आतोबा म्हणाले. "तू चल. कामावरून काढताना साक्षीदार लागतो."

"कुणाला काढताय?"

"मला."

आम्ही दांडीला गेलो तेव्हा जमनाबाई किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील अडकवत होती. आतोबांनी टोपी काढली. एवढ्या वर्षांत वाऱ्यानं उडवल्याशिवाय ती टोपी डोक्यावरून हललेली मी पाहिली नव्हती. "जमनाबाई," ते म्हणाले, "ते खातं नाही. कधीच नव्हतं. मी तुमच्या पोरीचं नुकसान केलं." मला त्या क्षणी खरोखर समुद्रात जाऊन उभं राहावंसं वाटलं.

जमनाबाईचे हात थांबले नाहीत. "मायीत हाय," ती म्हणाली.

"मग?"

"मंग काय? आमी काय येड्या हाव? पवनचक्की आली असती तं दिसली असती." तिनं आणखी एक जोडी अडकवली. "रेखा माजी तिसरी पोरगी. ती झाली तवा तिचा बाप बोटीवर निगून गेला, सासू तोंड फिरवून बसली. बारशाला कोन नाय आलं. तुमी एकटे आले. तिच्या मुठीत बोट दिलं नि म्हनाले, वाऱ्याचं खातं, कायम. पोरीचं काय होनार हाय, ता तुमी एकट्यानं सांगतलं. म्हनून तिला शिकवली."



"खातं नाय तं नाय," जमनाबाई म्हणाली. "पन नेमली तुमी हाय. आता कामाला लावा. तुमी नुसते नेमता नि घरी जाता."

आयुष्यात आतोबांना मिळालेली ही पहिली ताकीद, लेखी नसली तरी स्पष्ट. दुसऱ्या दिवशी ते रेखाला घेऊन जवळच्या एका तंत्रशाळेत गेले. वायरमनच्या वर्गाला मुलगी कधी आली नव्हती, तिथल्या बाबूनं शिवणकाम सुचवलं. "हिची नेमणूक केव्हाच झालेली आहे," आतोबा म्हणाले, "मी फक्त प्रशिक्षणाला पाठवतोय." बाबूला काही कळलं नाही, त्यानं अर्ज बाजूला सारला. मग आतोबा तंत्रशाळेच्या फाटकाशी बाकावर जाऊन बसले. डबा घेऊन सकाळी येत आणि येणाऱ्या प्रत्येकाला घड्याळ बघून नम्रपणे सांगत, "साहेब, आज अर्धा तास उशीर." "बाई, काल आपण वेळेवर होता." कोणावर रागावले नाहीत, तक्रार केली नाही. जन्मभर जे केलं तेच केलं. आठवडाभरात तिथल्या वरिष्ठांनी रेखाला स्वतः बोलावून प्रवेश दिला आणि तिच्या पालकांनी पुन्हा येण्याची गरज नाही असं आवर्जून सांगितलं.

रेखा शिकली आणि बोईसरच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून लागली. तिचं लग्नही झालं, सातपाटीच्याच त्या स्थळाशी. दुसरीकडे बघूनही ती माणसं शेवटी थांबली होती. आतोबांच्या लेखी मात्र ती कारखान्यात लागलेली नव्हती. "वाऱ्यातली आहे, सध्या उसनी दिलीय," असं ते सांगत. ती भेटायला आली की विचारत, "उंचावरचं काम देतात ना? सराव सुटायला नको." पुढे साताऱ्याकडच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्याचा फोटो पेपरात आला. आतोबांनी तो बराच वेळ पाहिला. "यंत्रं तिकडे, माणसं इकडे," ते म्हणाले. "त्यांचं नियोजन चुकलं." मग पेपराची नीट घडी करून ओट्यावरच झोपले. थकले होते. त्या पावसाळ्यानंतर ते गेले.

माझ्या मुलीचं बारसं त्याच हिवाळ्यात झालं. मोठं केलं नव्हतं, आत्या दुःखात होती. कुर्र झालं, नाव सांगून झालं, आणि मग खोलीतलं कोणीच हलेना. घुगऱ्यांचं पातेलं समोर होतं, पण वाढायला कोणी हात घालेना. सगळे कशासाठी थांबलेत हे सगळ्यांना कळत होतं. माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी इतिहासाचा मास्तर, मी काय करणार?

रेखा मागे दाराशी होती. पाळीवरून तशीच आली होती, खिशाला टेस्टर लावलेला. ती पुढे आली, पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या मुठीत तिनं बोट दिलं.

"वाऱ्याचं खातं," ती ताठ उभी राहून म्हणाली. "उंचावर. माझ्या हाताखाली."

आत बायकांतून आत्या उठून आली. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच पाळण्याजवळ उभी राहिली.

"कायम का हंगामी?" आत्यानं विचारलं.

"कायम," रेखा म्हणाली.

आत्यानं मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. मला आतोबांची फार आठवण आली. रेखाला अजून पाळण्यापासून हलता येत नव्हतं, कारण बाळानं तिचं बोट सोडलं नव्हतं.