सिथच्या नावाचा वडा

उडदाच्या वड्यांचा वास आला की मला समुद्रपूरची नव्वदीतली एक सर्वपित्री अमावस्या आठवते. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाबांनी छपराच्या कवेलूंवर पितरांचं पान ठेवलं आणि शेजारी एक वडा वेगळा ठेवला.

“हा कोनाचा?” मी विचारलं.

“सिथचा. इंग्रजीत ‘ज्याअर्थी’साठी हा जुना शब्द होता. शेकडो वर्षं चालला, मंग ‘सिन्स’नं त्याची जागा घेतली. कधी मेला, कोनाले माहीत नाई. ज्याची तिथ माहीत नाई, त्याले आजच वाढतात.”

मी वैतागले. मैत्रिणींना कळलं असतं तर शाळाभर हसं झालं असतं. कावळ्यानं मात्र आधी तोच वडा उचलला.

आज बाबांचं पान वाढल्यावर मी एक वडा बाजूला ठेवला. बाबांनंतर सिथचं नाव घेणारं दुसरं कोणी नाही.