बूट दाराबाहेर

उभ्या अमेरिकेत उंबऱ्याचा मान ठेवणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे आमच्या कॅरी गावातले शेजारचे काका. नागपूरहून मुलाकडे कायमचे राहायला आलेले. दार दिसलं की बूट काढलेच. दाताच्या डॉक्टरकडे काढले, बँकेतही काढले. दुसरा नाद वहीचा. रोज सकाळी खिडकीशी बसून ते घराण्याच्या हकिकती मराठीत लिहायचे, शाळकरी नातीसाठी. नात म्हणायची, "आजोबा, आय कान्ट रीड धिस." काका म्हणायचे, "वाचशील गं. घाई कोणाला आहे?"

जर्मनीहून आलेल्या शेतकऱ्यांचं जुनं घर आमच्याकडे म्युझियम म्हणून जपलंय. काकांना तिथे न्यायची बुद्धी मलाच झाली. तिथेही त्यांनी बूट काढले. घर दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, पाय गारठतील!" काका म्हणाले, "आत चूल आहे ना? मग झालं," आणि मोज्यांवर घरभर हिंडले. चुलीचं तोंड चुकीच्या दिशेला आहे, हेही बाईंना सुनावलं. मग काचेखालच्या एका जाड वहीपाशी थबकले. घरातल्या म्हाताऱ्याने नातवंडांसाठी जर्मनमध्ये लिहिलेली. काकांचा चेहरा उजळला.

"मग? वाचून काय म्हणाली नातवंडं?"

"त्यांना कुठे जर्मन येत होतं?" बाई हसून म्हणाल्या. "घरात कोणालाच वाचता येईना, म्हणून तर आम्हाला दिली."

काका वळले. बूट न घालताच गाडीत जाऊन बसले. मी परत जाऊन ते उचलून आणले. त्यानंतर खिडकीशी काका दिसायचे, पण हातात पेन नसायचं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

यंदा थंडीत काका गेले. परवा नात ती वही घेऊन आली. दारातच तिने बूट काढले, न सांगता.

"मावशी, तू वाच ना. स्लोली. मी टाईप करते."

मी वाचत गेले. दोन दुपारी गेल्या. शेवटच्या ओळीशी आलो: "तुझी आजी पहिल्यांदा आमच्या उंबऱ्यात आली, तेव्हा मी"

"मग?" तिने विचारलं.

पुढची पानं कोरी होती. "व्हाय डिड ही स्टॉप?" ती म्हणाली. "दमले असतील गं," मी म्हटलं. खरं सांगायला जीभ रेटेना. तिने ती अर्धी ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि मी ती पुन्हा वाचली.