अझहरकडं मागितलेली घंटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असं कुणाला वाटणारही नाही — चोरी नाही, मारामारी नाही, मोबाइलमधल्या एका ॲपवरून काय ते एवढं? मीही स्वतःला असंच समजावत आलो. पण तुम्ही निवांत बसलाच आहात, तर वाचा.

मी टायपिस्ट. सगळी नोकरी धाराशिवला एका सरकारी कार्यालयात मराठी टाइप करण्यात गेली. निवृत्त झालो आणि बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, ती तिथंच राहिली. भांडण नाही हो. मुलगी-जावई दोघंही नोकरीला, नातवाला कोण बघणार? मलाही चला म्हणत होते. तिथं येऊन खिडकीत बसून राहू का, असं म्हणालो. आता इथं खिडकीत बसतो.

निवृत्तांच्या ग्रुपवर कुणीतरी त्या ॲपची माहिती टाकली. मोबाइलवर मराठी लिहायचं ॲप, फुकट, एकही जाहिरात नाही. अझहर नावाच्या माणसानं केलेलं — मूळचा नळदुर्गचा, हैदराबादला नोकरी. त्यानं सगळं उघडं ठेवलं होतं. ॲप आतून कसं बनलंय ते कुणीही बघावं, सुधारावं, घेऊन जावं. मला वाटलं, फुकट देतोय म्हणजे याला कुठून तरी पगार मिळत असणार. खरंच तसं वाटलं का? नाही. त्यानं ॲपच्या पानावर सुरुवातीलाच लिहिलं होतं — हे काम मी नोकरी सांभाळून रविवारी करतो, काही हवं असेल तर आधी कुणी तेच मागितलंय का बघा, एका वेळी एकच मागा, कशासाठी हवंय ते सांगा. मी ते वाचलं होतं. आणि चार मागण्या एकदम टाकल्या.

टाकल्या कशा, तेही सांगतो. वर ‘विषय’, खाली ‘संदर्भ’, मग ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’. दुसरं काही येतच नव्हतं मला. जन्मभर साहेबांची पत्रं टाइप केली, कुणाकडं काही मागायचं तर ते असंच मागतात एवढंच माहीत. आठवडाभर उत्तर आलं नाही, तर मी स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं स्मरणपत्र. ‘सदर बाब गांभीर्याने घ्यावी.’ घ्यावी म्हणे! कुणाला सांगत होतो मी?

त्याचं उत्तर आलं, “काका, तुमचं पत्र वाचून आमचे अब्बा लई हसले, ते पण कचेरीत होते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची सवय हाय ना तुमची? रविवारी करतो.”

केलं त्यानं. जुन्या टाइपरायटरवर जशी बोटं चालायची तशी चालायला लागली. मग मी टकटक आवाज मागितला, प्रत्येक कळ दाबली की वाजणारा. तोही त्यानं दिला, कुठून तरी खरं मशीन शोधून आवाज भरून आणला होता. माझ्या दोन खोल्यांत पुन्हा टकटक सुरू झाली. दुपारी शेजारीण डोकावून म्हणाली, “भाऊ, मशीन आणलं व्हय?” मी नुसतं हसलो. लई बरं वाटलं होतं त्या दिवशी.

त्यानं एकदा विचारलं, काका, लिहिताय काय एवढं? मी सांगितलं, आमच्या ईट गावच्या शिवारातल्या शेतांची नावं. प्रत्येक शेताला नाव असतं, गट नंबर नव्हे, हाक मारायचं नाव. दर्ग्यामागचं, खारी, आंब्याची पट्टी. ही नावं घेणारी माणसं चाललीत, म्हणून लिहून ठेवतोय. त्याला भारी आवडलं. दर रविवारी विचारायचा, आज कुठलं शेत, काका? एका शेताला ‘सवतीचं’ का म्हणतात ते मी त्याला भलं मोठं लिहून कळवलं — दोन बायकांच्या भांडणात सासऱ्यानं बांध घातला, आणि पुढं त्या दोघी त्याच बांधावर बसून भाकरी खायच्या. त्यानं लिहिलं, हे आईला वाचून दाखवलं.

आता खरं सांगायचं तर — मी एकही नाव त्या ॲपमध्ये लिहिलेलं नव्हतं. कधी ‘धाराशिव, दिनांक’ एवढंच टाइप करायचो. कधी जुन्या पत्राचा मायना. टकटक ऐकायला. शेतांची नावं मी फक्त त्याला कळवत होतो, कारण तो विचारत होता. आणि मागण्या? निम्म्या मागण्यांची मला काही गरजच नव्हती. मागितलं की उत्तर यायचं, म्हणून मागायचो. दिवसभरात दुसरं कोण बोलत होतं माझ्याशी?

मग मी घंटी मागितली. टाइपरायटरवर ओळ संपत आली की वाजायची, ती. या वेळी त्यानं लिहिलं, “काका, अब्बांची तब्येत बरी न्हाय. आता नवीन काय जमणार न्हाय मला, मोडलं तेवढंच नीट करीन. घंटीचं सध्या राहू द्या.” यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. पण मला राग आला. राग तरी कसला — तो आता रविवारी लिहिणार नाही, याची भीती वाटली. मोडलं तेवढंच नीट करीन म्हणाला ना? मग मी मोडलं.

त्याच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं, मी लिहिलं की आपल्या नव्या बदलामुळे माझं सगळं लिखाण पुसलं गेलं आहे. ईटच्या शेतांची सगळी नावं. याची जबाबदारी कोणाची, ते कळावे.

खोटं होतं ते. साफ खोटं.

बघता बघता लोक जमा झाले. भरवशाचं नाही हे, कुणी लिहिलं. म्हाताऱ्या माणसाची मेहनत घालवली, कुणी लिहिलं. फुकटचं असंच असतं. एकानं तर त्याला नको ते बोलून घेतलं. अझहर एकेकाला शांतपणे उत्तर देत होता, चूक शोधतोय, जरा थांबा. मला खाजगीत विचारायचा, काका, फाइल पाठवता का? मी कळवलं, मोबाइल बिघडला. कामावरून येऊन, दवाखान्यात अब्बांजवळ बसून तो नसलेली चूक शोधत राहिला. एका ओळीत मिटलं असतं. ‘माझीच चूक, काही गेलेलं नाही.’ मी सराईत टायपिस्ट, ही ओळ टाइप करायला मला कितीसा वेळ लागला असता? लिहिली नाही. त्या दिवसांत तो मला रोज निरोप पाठवत होता, आणि — हे लिहायला जड जातंय — मला ते हवंहवंसं वाटत होतं.

मग त्यानं ॲप बंद केलं. पानावर लिहिलं, लोकांचं लिखाण माझ्या हातून सुरक्षित राहत नसेल तर मी ते देऊ नये.

मला शेवटचा निरोप आला तो असा. “काका, तुमचं लिखाण मला परत आणता आलं न्हाय. तुमच्या जुन्या निरोपांतून सापडली तेवढी नावं काढून खाली लावलीत. परत लिहायला बसाल तवा इथनं सुरू करा. माफ करा मला.”

खाली नावं होती. दर्ग्यामागचं, खारी, आंब्याची पट्टी, आणखीही, मी केव्हा कळवली तेही मला आठवत नव्हतं अशी. ‘सवतीचं’पुढं बांधाची सगळी गोष्ट, माझ्याच शब्दांत. ईटच्या शेतांची नावं एका जागी लिहिली गेली ती तेव्हाच, आणि ती त्यानं लिहिली.

त्या निरोपाला मी उत्तर दिलं नाही. त्याचे अब्बा कसे आहेत, तेही विचारलं नाही.

माझ्या जुन्या मोबाइलमध्ये ते ॲप अजून आहे. हे सगळं त्यावरच लिहिलं. वेलांटी आधी पडते, कळा टकटक वाजतात, ओळ संपते तेव्हा काही वाजत नाही.