चंद्राची गाडी किलोवर गेली न्हाई

आमचं मालक लय शहानं. गावात पयला ऊस त्यांचा तुटनार, सोसायटीत त्यांचा शब्द चालनार, आनि घरात तर इचारूच नका. त्यांचं नाव मी घेत न्हाई. बाकीचं समदं सांगते.

चंद्राबाई माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा नाथाजी मिलिट्रीत डायवर हुता. सुटून आला तवा लिलावातली एक जुनाट आंबुलन्सच घिऊन आला. मालक म्हनलं, रान घ्यायचं सोडून ह्यो डबा कशाला आनला? नाथाजी नुसता हसला. त्यानं आत फळीची खाट केली, दिवसा उचलून भितीला लावता येनारी. स्टोव्हला जागा केली, भांड्यांना कपाट केलं. खिडक्यांना चंद्राच्या जुन्या लुगड्याचं पडदं लागलं. झालं चाकाचं घर! पाऊस सरला की दोघं जत्रा करत निघायची, मेढ्यापासनं पार जतपातूर. नाथाजी दुकानदारांच्या गॅसबत्त्या दुरुस्त करायचा, चंद्रा चा-भजी करायची. खोटं कशाला बोलू, मला लय हेवा वाटायचा. मी आपली चुलीम्होरं धूर खात बसलेली, आनि ही आज औदुंबरला, उद्या म्हसवडला.

मग नाथाजी छातीत कळ येऊन गेला. गाडी आमच्या गोठ्याम्होरं उभी राहिली आनि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालाय लागल्या. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली मालकांनी ट्रॅक्टर घ्यायचं काढलं. जेवता जेवता म्हनलं, "सांगलीच्या भंगारवाल्याला सांगितलंय. पालीची जत्रा झाली की येतोय. किलोवर घिऊन जाईल. तिथं ट्रॅक्टर लावायचाय."

चंद्रा थोरल्या दिरापुढं कवा तोंड उघडायची न्हाई. त्या दिवशी दाराआडनं बोलली. "भावजी, गाडी त्यांनी माझ्या नावावर केलीया. इकायची तर मीच इकीन, आनि चालती इकीन. उंब्रजच्या स्टँडावर मला चाचं हाटेल टाकायचंय."

मालकांनी हातातला घास खाली ठेवला आनि मोठ्यानं हसलं. "बाईमानूस सौदा करनार? कर की! भंगारवाला यायच्या आत कर म्हंजे झालं."

त्या हसन्यानं माझं डोकं फिरलं. भंगारात गाडी गेली तर चंद्राच्या हाती काय लागनार? चार दिडक्या. मग जलमभर आमच्याच उंबऱ्यात बसून दिराच्या तुकड्यावर दिवस काढायचं. मी तिला सैपाकघरात वढली नि म्हनलं, "चंद्रे, तुला गाडी येती न्हवं?"

नाथाजीनं तिला मानदेशातल्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकवली हुती. आमच्या घरात हे मला एकटीलाच ठाव.

जत्रंच्या सकाळी चंद्रा स्टेरिंगम्होरं बसली. गाडीच्या नाकात घालून हँडल मी मारलं. नातवंडांची आजी मी, पदर खोचून हँडल मारतीया! गाडी म्हातारी, आधी नुसतीच खोकली, मग भडाभडा धूर सोडून चालू झाली. मालक तोंडात राखुंडीचं बोट धरून अंगनात आलं, ते तसंच उभं. चंद्रानं हारन वाजवला. काय गरज न्हवती, पन वाजवला.

पालीला बैलांचा बाजार भरला हुता. चंद्रानं गाडी बैलांच्या रांगंतच लावली. मानसं गोळा झाली. एक म्हनला, "दात बघा रं आधी!" दुसरा म्हनला, "गाभन हाय का बगा!" चंद्रानं बानट उघडलं. "बघा दात. आनि खोडबी ऐका. दुसरा गेर सुटतो, धरून ठेवायला लागतो. पावसात टपाच्या डाव्या कोपऱ्यातनं पानी गळतं. बाकी रस्त्यात कवा बसली न्हाई."

हसनारी हसून गेली. ऊन चढलं, एक गिऱ्हाईक फिरकंना. तेवढ्यात बिराप्पा म्हनून एक धनगर आला, संगं बायको हरनाबाई. आधी मेंढरं राखायची, आता गावोगाव बाजारात घोंगड्या इकायची ही मानसं. बिराप्पाचा भाऊ टरकवर डायवर, गाडी त्यो चालवनार. बिराप्पा चाकं बघत बसला. हरनाबाई सरळ आत चढली, खाट पाडली, तिच्यावर आडवी झाली आनि उठंचना.

"आगं, उतर की," बिराप्पा म्हनला.

"माझी दोन लेकरं पावसात उघड्यावर झाली," ती आतनंच म्हनली. "मी न्हाई उतरायची."

चंद्राच्या डोळ्यांत पानी आलं. मी म्हनलं, रडू नगंस, दर पडंल!

बैलांच्या बाजारात दर तोंडानं बोलत न्हाईत. टावेलाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. बघनाऱ्याला काय कळता कामा नये. भाऊसो दलाल टावेल घिऊन आला आनि चंद्राला बघून मागं सरला. "बाईचा हात मी टावेलाखाली धरू? लोक पायतान हानतील. हंबीररावांना बोलवा."

नाव त्यानं घेतलं, मी न्हाई. मालक आलंच हुतं, गर्दीत मिशी पिळत उभं. म्होरं होऊन टावेलाखाली घालाय हात काढला.

चंद्रानं त्यांच्याकडं बघितलंबी न्हाई. बिराप्पाच्या खांद्यावरची घोंगडी वढली, आपल्या हातावर टाकली आनि गाडीच्या दारात जाऊन म्हनली, "हरनाबाई, बोटं येत्यात?"

"मेंढरांचा दर कोन ठरवतं, इचारा ह्यास्नी," हरनाबाई म्हनली, आनि तिनं घोंगडीत हात घातला.

भाऊसो वरडला, "बायकांचा सौदा? आरं, बाजार बाटला!"

आता मातुर मला ऱ्हावलं न्हाई. "कसा बाटला रं? शेन आमी काढायचं, धारा आमी काढायच्या, आनि दर तेवढा तुमी काढायचा व्हय? गप ऱ्हा!"

घोंगडीखाली बोटं हलत हुती. हरनाबाईनं मान हलवली, न्हाई. चंद्रानं मान हलवली, न्हाई. परत बोटं हलली. मग दोघी एकदमच हसल्या. बिराप्पानं मूठभर भंडारा उधळला आनि गाडी पिवळी झाली.

"कितीला दिली?" मालकांनी इचारलं.

"घोंगडीखालचं घोंगडीखालीच, भावजी."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला काटा घिऊन दारात. "माल कुठाय?" मी वसरीकडं बोट केलं. मालक तोंड फुगवून बसलं हुतं. "त्ये बघा. गंज लय हाय, पन वजनाला भरंल."

चंद्राचं हाटेल उंब्रजला झोकात चाललंय. मालक तिथं चा पित्यात आनि अजून दर इचारत्यात. मला ठाव हाय. जत्रंवरनं येताना चंद्रानं पदराखाली माझा हात धरला, एकेक बोट दाबून मला समदं शिकवलं. मी सांगनार न्हाई, त्यास्नीबी न्हाई नि तुमास्नीबी न्हाई.

औंदा आमची म्हस इकायची निघाली. दलाल आला, मालकांनी टावेल झटकला. मी म्हनलं, "आवं, सरका. धार मी काढलीया." आनि टावेलाखाली हात घातला.