यंदाची आगोट

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यात आमच्याकडे आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांची सुकी मासळी घेऊन ठेवतात. लग्न होऊन जुईनगरला आल्यापासून मी ती दिवाळे गावातल्या एकाच कोळीण मावशीकडून घेते. यंदाही गेले, नवऱ्याला सोबत घेऊन. माझा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलाय, आता तो बरा व्हायचा नाही, औषधांवर जितकं चांगलं जगता येईल तितकं जगा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. सोसायटीतल्या बायका 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून डोकं खातात. मला आगोट भरायची होती, बस्स.

मावशीने माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "माल खडखडीत सुकलाय, बाय. चार महिने काय व्हत नाय त्याला."

"जवळा आणि बोंबील, नेहमीएवढे," मी म्हणाले.

"यंदा थोडंच घेऊया," आमचे हे हळूच म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "का? गणपतीपर्यंत मी टिकत नाही, असं डॉक्टर तुमच्या कानात बोलले का?"

"अगं, तुला वास सहन होत नाही म्हणून..." मावशी मान खाली घालून जवळा भरत राहिली.

ह्यांचं खोटं नव्हतं. केमो सुरू झाल्यापासून मासळीच्या वासानेच मला ढवळतं. तरी हट्टाने नेहमीएवढंच घेतलं आणि रिक्षात पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले, जसं काही कुणी हिसकावूनच नेणार होतं.

घरी डबे भरून झाले तसे हे स्वयंपाकघराच्या दारात आले. "मला जवळा करायला शिकव ना."

उभ्या आयुष्यात चहापलीकडे मजल न गेलेला माणूस हे विचारत होता. ह्यांना माझा त्रास वाचवायचा होता, कळत होतं मला. पण डोळ्यांपुढे आलं ते माझ्याशिवायचं हे स्वयंपाकघर आणि त्यात एकटेच जवळा भाजणारे हे. मला मरायचं नाही. अजिबात मरायचं नाही.

"काही नको. मी करते," मी म्हणाले.

नाकाला ओढणी बांधून जवळा तव्यावर टाकला. उमाशांवर उमासे येत होते. हे मागून डोकावत होते, आच किती ठेवते, कांदा कधी घालते ते बघत. मी सरकले आणि त्यांच्या आणि तव्याच्या मध्ये उभी राहिले, त्यांना काही दिसू नये म्हणून.