दुर्बिणीचा चौथा स्क्रू

हे मी अजून कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही — आई तर गेलीसुद्धा. तिच्या सख्ख्या भावाची गोष्ट आहे, निदान तिला तरी सांगायला हवी होती. सात वर्षं झाली.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. मशीनवरून उतरलेला प्रत्येक पार्ट माझ्या टेबलावर येतो. मी त्याला मापाचं गेज लावते, बसला नाही तर लाल ठिपका देऊन बाजूला टाकते. मशीनवरचे लोक कुरकुरतात — ताई, एवढंसं तर आहे, जाऊ द्या ना. मी जाऊ देत नाही. त्याबद्दल माझं नाव आहे. हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की बाईला कळलं नसेल. मला कळत होतं.

दत्तूमामा बदलापूरच्या पुढे, बारवीकडच्या एका गावात राहतो. भातशेती, थोडी भाजी, आंब्याची पाच-सहा झाडं. पिकाच्या राखणीसाठी त्याच्याकडे लायसनची रायफल होती. त्या वर्षी रानडुकरांनी उच्छाद मांडला होता; आज उभं असलेलं खाचर उद्या नांगरल्यासारखं दिसायचं. गावाने अर्ज केले, वनखात्याकडून डुकरं मारायची रीतसर परवानगी आली, ठरावीक दिवसांची. गावात लायसन असलेला मामा एकटाच. पण तो साठीला आलेला.

"नळीवरची नेमाची माशी दिसली तर डुक्कर दिसत नाय, नि डुक्कर दिसला तर माशी दिसत नाय," तो मला म्हणाला. "काय करू सांग, लते."

"दुर्बीण बसव," मी म्हटलं. कल्पना माझीच होती — हेही नोंदवून ठेवते.

आम्ही दोघं उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने पहिल्यांदा काढली ती हातभर लांब. "मॅडम, चौबीस पावर! चाँद के गड्ढे गिन लो." मामा तर हरखूनच गेला. मी नको म्हटलं. डुक्कर येणार साठ-सत्तर पावलांवर. एवढ्या पावरमधून नुसते केस दिसणार, डोकं कुठे नि शेपूट कुठे कळायचं नाही. शिवाय ती छऱ्याच्या बंदुकीची होती. रायफलच्या धक्क्याने तिच्या आतल्या काचा जागच्या हलल्या असत्या. आम्ही साधी चार पावरची घेतली, रायफलचा धक्का सोसणारी, आत नेमासाठी जाड फुली असलेली. डोळा आणि काच यांच्यात चार बोटं अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर बार उडताच भुवई फुटते — म्हणून दुकानातच मामाच्या खांद्याला काठी लावून अंतर बघितलं. टेकूसाठी दुकानदार घडीचा स्टँड दाखवत होता. तोही नको म्हटलं. बांधावर बसून मारायचं तर वाळूची पिशवी बरी, दस्त्याखाली दुसरी लहान. मामा माझ्याकडे असा बघत होता, जणू काही मी डॉक्टर झाले होते.

हे सगळं मी किती बरोबर केलं, तेच सांगत बसलेय, नाही का? मुद्द्यावर यायला नको वाटतं म्हणून.

दुर्बीण बसवायला रायफलीवर लागते ती पट्टी परवाना असलेल्या कारागिराकडून बसवून आणली. राहिल्या त्या दुर्बीण धरणाऱ्या दोन रिंगा. दुकानातल्या रिंगा उंच होत्या. त्या लावल्या की मामाचा गाल लाकडाला टेकेना, मान उचलून बघावं लागे. मी म्हटलं, राहू दे, मी कारखान्यात बनवते. शेठनी परवानगी दिली. ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला, आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू तपासण्याऐवजी स्वतः घडवली. दोन रिंगा, प्रत्येकीला दोन स्क्रू. आमच्या इथले लोक येऊन बघून गेले. मी सगळ्यांना सांगितलं होतं, शुक्रवारी तयार.

शुक्रवारी चौथ्या भोकात आटे पाडताना टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, तिरका गेला. आटे फाटले. स्क्रू आत जायचा, पण आवळला की नुसता फिरत राहायचा.

अशी रिंग माझ्या टेबलावर दुसऱ्या कुणाची आली असती, तर मी काय केलं असतं? नवीन करायला दीड तास लागला असता. मी भोकात चिकटद्रव्य भरलं, स्क्रू बसवला, वरून पुसून घेतला. तीन स्क्रू पक्के आहेत, एकाने काय होतं — हे मी स्वतःशी म्हटलं. रोज दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य.

रविवारी वनरक्षकाच्या समोर बंद पडलेल्या खाणीत नेम जुळवला. तीन गोळ्या, तिन्हींची भोकं हाताच्या पंज्याखाली झाकतील इतकी जवळ. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, झालं, भागलं.

पुढचे तीन दिवस रायफल मोटरसायकलवरून शेताच्या खडकाळ वाटेने रोज जात-येत होती. चौथ्या दिवशी मी रजा घेऊन गेले, मला बघायचं होतं. सकाळचे सात वाजले असतील, ऊन नुकतं भातावर आलं होतं. मोठा नर उतारावरून खाचरात उतरला आणि आडवा उभा राहिला. मामा पिशवीवर रायफल टेकवून बसला होता. घाई केली नाही. श्वास सोडला, थांबला, मग बार काढला. मी शेजारीच होते. त्याचा हात दगडासारखा होता.

गोळी खांद्यात लागायची ती मागे पोटात लागली. डुक्कर किंचाळत वळलं आणि ओढ्याकडे सुटलं. ओढ्यावर बेबीताई गवत कापत होती. मामाच्या शेजारघरची. तिकडे कुणी जाऊ नये असं आदल्या दिवशी सगळ्या गावाला सांगितलं होतं, पण ती गेली होती. डुकराने तिची मांडी गुडघ्यापर्यंत फाडली.

मामा रायफल रिकामी करून तिथेच ठेवून धावला. मागे थांबलेले वनरक्षक आणि गावातले लोक, सगळेच धावले. मी नाही धावले.

हे नीट सांगते. मी दुर्बिणीला अंगठा लावला. ती हलली. बेबीताईचं ओरडणं ऐकू येत होतं आणि मी पर्समधून स्क्रू आवळायची ॲलन की काढत होते. भोकातलं चिकटद्रव्य सुटून आलं होतं. मी जेवणाच्या डब्याच्या प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा फाडला, तो भोकात कोंबला, त्यावर स्क्रू दाबून फिरवला. धरला. बाकीचे तीनही आवळले. मग मी ओढ्याकडे गेले.

बेबीताईला गाडीत घालून बदलापूरला पाठवल्यावर वनरक्षक आणि गावातले चार जण बांधावर जमले. वनरक्षकाने दुर्बीण धरून हलवून पाहिली. मामाचा सदरा रक्ताने भरला होता, बेबीताईच्या. त्याने माझ्याकडे बघितलं.

"लते, तू बघ गो. तुला कळतं त्यातलं. दुर्बीण सरकली का?"

मी वाकले, हात लावला, बघितल्यासारखं केलं.

"नाही मामा. पक्की आहे."

 तो म्हणाला, "मंग माझाच हात."

 

रायफल त्याने त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात जमा केली, लायसनही परत केलं. त्याआधी दुर्बीण मी उतरवून घेतली, म्हटलं, माझ्याकडे राहू दे. रिंगा कारखान्याच्या भंगारात टाकल्या.

बेबीताई वाचली. काठी घेऊन चालते. लहानपणापासून ती मामाला भाऊबीजेला ओवाळायची, तिला सख्खा भाऊ नाही म्हणून. त्या दिवाळीला आली नाही, पुढच्याही नाही. आता तिचा उल्लेखही त्या घरात होत नाही. गावात लोक म्हणतात, म्हाताऱ्याने हौसेपायी बाईचा पाय घालवला. मामा ऐकून घेतो.

मामा आंब्याची कलमं बांधायचा. आसपासच्या गावांतून लोक न्यायला यायचे. त्याने ते सोडलं. हात हलतो म्हणतो. मामीने कल्याणला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी डोळे बघितले, हात पुढे करायला लावले, म्हणाले, आजोबा, काही नाही तुम्हाला. मामा घरी येऊन म्हणाला, डॉक्टरला काय ठाव? तो दाढीसुद्धा आता न्हाव्याकडून करून घेतो.

तेव्हा का नाही बोलले? नोकरी जाईल अशी भीती होती का? नव्हती. रिंगा घरच्या कामाच्या होत्या. पोलीस? थोडी. पण खरं म्हणजे बांधावर उभ्या असलेल्या त्या चार जणांसमोर मला चुकलेली बाई व्हायचं नव्हतं. एवढंच होतं ते. नंतरच्या सात वर्षांत तर तेही कारण उरलं नव्हतं. मी गेले, जेवले, त्याच्या पाया पडले, परत आले.

गेल्या महिन्यात मामा मामीबरोबर आमच्याकडे अंबरनाथला आला होता, शिवमंदिरात दर्शनाला. दुपारी मी चहा केला. त्याने कप दोन्ही हातांनी धरला, लहान मुलं धरतात तसा, आणि खाली बघत हळू तोंडाशी नेला. एक थेंब हिंदकळला नाही. मामी आत गेली होती. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी त्याला बिस्किटं दिली, आणि समोर बसून माझा चहा प्यायले.